विषाचे माप कोणी घ्यावे?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. यंदा चालकांनी तो मोडला, त्याची जबाबदारी त्यांच्यावर. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून, अडलेल्या शब्दाशी झटापट करीत. चळवळीत तीस वर्षे घालविल्यावर ‘मी’ म्हणावयाची सवय सुटते, म्हणून आम्ही ‘आम्ही’ म्हणतो. त्यात थोरवीचा आव नाही; मागे उभ्या असलेल्या माणसांची जाणीव आहे.

आता मजूर संघटनेच्या माणसाने समुद्र, कालवे आणि गोगलगायी यांवर का बोलावे? कारण असे की, कारखान्यातील रसायनाबद्दल आम्ही प्रश्न काढला की आम्हांला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : “घाबरू नका, प्रमाण अगदी थोडे आहे.” हे वाक्य इतके गुळगुळीत झाले आहे की त्यावर कोणी थांबत नाही. आज त्यावर थांबावे, असा आमचा विचार आहे. थोडे म्हणजे किती? थोडे कोणाला? आणि ते थोडे आहे हे माप घेतले कोणी? या तीन प्रश्नांपलीकडे आजच्या भाषणात काही नाही.

हे प्रश्न हवेत विचारून भागत नाही, म्हणून आम्ही एकच रसायन घेतले आहे. त्याचे नाव ट्रायब्युटिल टिन. हेच का घेतले? याचा खटला पुरा झाला आहे. हे रसायन निघाले, त्याचे कौतुक झाले, ते पकडले गेले आणि शेवटी साऱ्या जगाने ठराव करून ते जहाजांवरून उतरविले. चालू खटल्यात दोन्हीकडचे वकील आवाज चढवतात. निकाल लागलेल्या खटल्याची कागदपत्रे शांतपणे वाचता येतात.

टिन म्हणजे आपले कथील. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात तेच. ज्या कथलाने आपल्या आजीच्या पातेल्यातील आमटी कळकू दिली नाही, ते कथील काही विष नव्हे. पण त्याच कथलाला रसायनशाळेत ब्युटिल नावाचे तीन हात जोडले की त्याचा स्वभाव पालटतो आणि ते पराकाष्ठेचे जहाल बनते. कथलाच्या अशा संयुगांच्या जीवनाशक गुणांचा पद्धतशीर अभ्यास हॉलंडमध्ये उट्रेख्ट येथे व्हॅन डर केर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात केला. पुढच्या दशकात हा पदार्थ जहाजाच्या तळाला लावावयाच्या रंगात आला.

जहाजाच्या तळाला विषारी रंग कशाला, असे कोणी विचारील. कोकणच्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या होडीच्या बुडाला शेवाळ धरते, शिंपले धरतात, टोकदार कवचाचे बार्नेकल धरतात. होडी जड होते, वल्ही मारणाऱ्याचे खांदे भरून येतात. मोठ्या जहाजाची गोष्ट तीच, फक्त हिशेब मोठा. तळाला काहीच लावले नाही तर सहा महिन्यांच्या आत चौरस मीटरला दीडशे किलोपर्यंत ओझे चढू शकते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा आकडा आहे. प्रचंड तेलवाहू जहाजाचा पाण्याखालचा भाग चाळीस हजार चौरस मीटर धरला तर सहा हजार टन नुसते लटांबर! ते ओढण्यासाठी इंधन जादा जळावयाचे. म्हणून माणूस पूर्वीपासून उपाय शोधीत आला. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारून पाहिले. पुढे तांबेमिश्रित रंग आले. त्या सर्वांवर या कथलाच्या रंगाने ताण केली. १९७० च्या दशकात त्याचा असा प्रकार निघाला की, जहाज चालत असता रंगाचा पातळ थर आपोआप झिजावा, खालचा ताजा थर उघडा पडावा आणि पाच वर्षांपर्यंत तळ स्वच्छ राहावा.

हा रंग निकामी होता, असे आम्ही म्हणणार नाही. तो उत्तम होता. त्याने इंधन वाचविले, सुक्या गोदीच्या खेपा वाचविल्या. गुण नसलेले रसायन बाजारात टिकतच नाही. भांडण नेहमी गुणी रसायनाशीच करावे लागते, आणि म्हणूनच ते अवघड असते.

आता फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर चला. बोर्दो शहराजवळ आर्काशाँ नावाचा उथळ उपसागर आहे. तेथे शेकडो कुटुंबे कालवांची शेती करतात. आपल्याकडे खाडीतील खडकावरची कालवे कोयत्याने फोडून काढतात. तेथे पिल्ले धरून, वाढवून, बाजारात नेतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या कालवांना विचित्र रोग लागला. कवच पसरण्याऐवजी जाड होऊ लागले. आत पापुद्र्यावर पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये बुळबुळीत द्रवाचे कप्पे. कालव वाढून चेंडूसारखे होई आणि आतला जीव मात्र एवढासा राही. असला माल बाजारात कोण घेणार? त्याहून वाईट म्हणजे पिल्लेच धरेनात. १९७७ ते १९८१ या काळात पिल्लांचे पीक बुडत गेले. वर्षाला दहा ते पंधरा हजार टन देणारा उपसागर १९८१ साली तीन हजार टनांवर आला.

शेतकऱ्यांची कालवे सुदृढ होती कोठे आणि बिघडली कोठे, हे पाहिले गेले तेव्हा एक गोष्ट उघड झाली. मौजेच्या होड्या जेथे दाटीने बांधून ठेवीत, त्या धक्क्यांजवळ बिघाड सर्वांत अधिक. दूर जावे तसा कमी. या कामात क्लोद अल्झ्यू या फ्रेंच संशोधकाचे नाव आदराने घेतले जाते. कवचे जाड होतात ती पाण्यातील गाळामुळे, असाही एक पक्ष होता. ब्रिटनमधील वॉल्डॉक आणि थेन यांनी १९८३ साली नेमका हाच सवाल प्रयोगाला लावला : गाळ की रंग? उत्तर आले, रंग. पण फ्रेंच सरकार त्या उत्तरासाठी थांबले नव्हते. त्याने १९८२ सालीच पंचवीस मीटरपेक्षा लहान होड्यांना हा रंग लावण्यास मनाई केली होती. आणि काय झाले? त्याच वर्षी पिल्ले पुन्हा धरू लागली. पुढे कवचेही सुधारत गेली.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, झाले तर. पिकाचे नुकसान झाले, सरकारने पाहिले, उपाय झाला. पण कालवाला बाजारभाव होता म्हणून त्याची दाद लागली. ज्याला बाजारभाव नाही त्याचे काय? आता आमची खरी साक्षीदार पुढे येते. ती म्हणजे एक गोगलगाय.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथ बंदर आहे. तेथील खडकांवर अंगठ्याच्या पेराएवढी शंखातली गोगलगाय राहते. इंग्रज तिला डॉगव्हेल्क म्हणतात. ती कोणी फारशी खात नाही, विकत नाही. गंमत अशी की, ती जहाजाला चिकटतही नाही. उलट जहाजाला चिकटणारे बार्नेकल हेच तिचे भक्ष्य. म्हणजे रंगाचा जो शत्रू, तोच हिचा घास. ही रंगाची फुकटची मदतनीसच म्हणावयाची. ब्लेबर नावाच्या संशोधकाने १९७० साली नोंदविले की, प्लिमथच्या काही माद्यांच्या अंगी नराचा अवयव फुटला आहे. त्याच सुमारास अमेरिकेत स्मिथ यांना दुसऱ्या जातीच्या गोगलगायीत असाच प्रकार दिसला. कारण कोणाला ठाऊक नव्हते. अकरा वर्षांनी, १९८१ साली, स्मिथ यांनी अमेरिकेतील गोगलगायींत या विकाराचा आणि कथलाच्या रंगाचा संबंध दाखविला. १९८६ साली प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतील ब्रायन, गिब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्नेयेपासून दूर अशा इंग्लंडच्या त्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील गोगलगायींच्या ऱ्हासाचा सविस्तर हिशेब मांडला.

विकार असा होता. मादीच्या अंगात नराची नळी वाढते आणि ती अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बुजवून टाकते. अंडी आत तयार होतात, बाहेर पडू शकत नाहीत. शेवटी मादी मरते. या गोगलगायीची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जात नाहीत. खडकावरच्या अंड्याच्या कुपीतून निघून तेथेच रांगू लागतात. तेव्हा एका खडकावरचा वंश तुटला की शेजारच्या गावाहून नवे बिऱ्हाड सहज येत नाही. खडक ओसाड राहतो.

आणि हे घडावयास किती विष लागले? येथे आमचा पहिला प्रश्न येतो : थोडे म्हणजे किती? विकाराला सुरुवात होते लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या आसपास. हा शब्द कानांना काही सांगत नाही, म्हणून आपल्या मापात सांगतो. एका लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. आपले खडकवासल्याचे धरण सर्वांनी पाहिले आहे. त्यात सुमारे दोन टीएमसी पाणी मावते. ते काठोकाठ भरलेले असावे आणि त्यात कोणी जुन्या मापाची एक छटाक पूड टाकून सारखी ढवळावी, तर जे प्रमाण होईल ते हे! एक छटाक. समुद्रातल्या गोगलगायीला हा विकार जडू लागण्यास एवढे पुरे झाले.

आता दुसरा प्रश्न : थोडे कोणाला? रसायन धोक्याचे की कसे, हे ठरविण्याची शास्त्रात एक रीत आहे. ती आम्ही आमच्या भाषेत सांगतो. काही प्राणी टाकीत ठेवावयाचे, पाण्यात रसायन घालावयाचे आणि चार दिवसांत निम्मे प्राणी कोणत्या मात्रेला मरतात ते पाहावयाचे. सामान्यतः तीन जीव घेतात : एक शेवाळ, एक पाण्यातील पिसू, एक मासा. शेवाळ हे अन्न तयार करणारे, पिसू ते चरणारी, मासा पिसूला खाणारा; म्हणजे अन्नाच्या उतरंडीतील प्रत्येक मडक्याचा एक एक प्रतिनिधी. मग आपल्याला सर्व काही कळलेले नाही हे ओळखून, आलेल्या मात्रेला दहाने, शंभराने, हजाराने भागावयाचे. माहिती जितकी तोकडी, तितका भाजक मोठा. जो आकडा उरेल तो ‘एवढे असले तर चालेल’ याचा अंदाज. दुसरीकडे, पाण्यात प्रत्यक्ष किती असेल, याचा अंदाज. दुसऱ्या अंदाजाला पहिल्याने भागावयाचे. उत्तर एकापेक्षा अधिक आले तर धोका मानावयाचा.

या रीतीची आम्ही थट्टा करीत नाही. अज्ञानाला भाजक लावणे हा मोठा प्रामाणिक विचार आहे. आमच्या वेतन मंडळांनी तो उचलला तर बरे होईल. पण या रसायनाच्या बाबतीत त्या मापात काय निसटले ते पाहा.

पहिली गोष्ट, पंचांत गोगलगाय नव्हती. शेवाळ, पिसू आणि मासा यांनी साक्ष दिली. जिचा वंश बुडत होता तिला कोणी बोलाविलेच नाही. आम्हां कामगारांना यात नवल वाटत नाही. कारखान्याच्या सुरक्षिततेची समिती बसते तेव्हा तीत व्यवस्थापक असतो, डॉक्टर असतो, इंजिनियर असतो; रसायनाच्या पिंपात हात घालणारा पुष्कळदा नसतो.

दुसरी गोष्ट, विचारले ते मरणाबद्दल. मासे चार दिवसांत मरावयास लिटरमागे काही मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे गोगलगायीच्या मात्रेच्या हजारपट आणि वर. खडकवासल्याच्याच हिशेबाने बोलावयाचे तर माशांच्या मरणाचे माप मणांत भरते आणि गोगलगायीच्या वांझपणाचे छटाकात. चार दिवसांत कोणी मेले नाही, एवढ्याने निर्धास्त होणे म्हणजे पहिल्या पगाराच्या दिवशी कामगार धडधाकट आहे हे पाहून गिरणीची हवा शुद्ध ठरविणे होय. छातीत कापूस बसावयास वर्षे लागतात. जगणे म्हणजे नुसते न मरणे नव्हे. वाढणे, वंश चालविणे, कवच नीट घडविणे, हे सर्व जगण्यातच येते.

तिसरी गोष्ट, सरासरी. समुद्र अथांग आहे; त्यात होडीभर रंगाचे काय, असे म्हणत. पण कालवे काही अथांग समुद्रात राहत नाहीत. ती राहतात खाडीत, धक्क्याच्या कडेला, जेथे होड्या बांधतात आणि पाणी हळू बदलते तेथे. सरासरीने सर्वांचे पोट भरलेले असते. उपाशी मनुष्य सरासरीत दिसत नाही.

चौथी गोष्ट, गाळ. उघड्या पाण्यात, उजेडात, हे रसायन काही दिवसांत वा आठवड्यांत मोडत जाते. त्याचे ब्युटिल हात एक एक करून गळतात. रंग विकणाऱ्यांच्या बाजूने हा मोठा मुद्दा होता. पण ते गाळाला चिकटून तळाशी गेले आणि तेथे प्राणवायू नसला की वर्षानुवर्षे, कधी दशके, तसेच राहते. बंदराचा गाळ उपसला की जुने येणे पुन्हा वर निघते. गाळ ही पाण्याची खतावणी आहे. तीत सर्व नोंदी राहतात. इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक ब्रॉड्स नावाची उथळ तळी आहेत. तेथेही होड्यांची गर्दी असे. तेथील गाळाचे थर वाचून संशोधकांनी २००६ साली एक निष्कर्ष मांडला. ज्या सुमारास हे रसायन गाळात दिसू लागते, त्याच सुमारास पाण्यातील वनस्पतींचा ऱ्हास सुरू झालेला दिसतो. रसायनाने वनस्पती मारल्या नाहीत. शेवाळ चरून पाणी स्वच्छ ठेवणारे बारीक जीव घटले, शेवाळ माजले, उजेड अडला आणि तळची हिरवळ गेली, अशी ती साखळी. एका प्राण्याची टाकीतील परीक्षा ही साखळी कशी दाखविणार? भिंतीतील एक वीट किती मजबूत आहे हे तपासून घर उभे राहील की नाही, हे कळत नाही.

आता तिसरा प्रश्न : माप घेतले कोणी, आणि ते मान्य व्हावयास किती काळ लागला? ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्यास पाण्यासाठी लिटरमागे २० नॅनोग्रॅमची मर्यादा सुचविली गेली. ती कालवांकडे पाहून ठीक वाटली असेल. गोगलगायीची साक्ष आल्यावर दशक संपण्याच्या सुमारास ती २ वर आणावी लागली. म्हणजे शास्त्राच्याच आकड्याने दोन-चार वर्षांत एक शून्य गाळले! ब्रिटनने १९८७ साली लहान होड्यांसाठी बंदी केली, अमेरिकेने १९८८ साली कायदा केला. पण मोठी जहाजे मोकळी राहिली. त्यांचा तळ मोठा, त्यांचा धंदा मोठा, त्यांचे म्हणणे सरकारदरबारी मोठ्याने ऐकू जाते. सर्व जगासाठी करार झाला तो ऑक्टोबर २००१ मध्ये, लंडन येथे. जगाच्या जहाजवाहतुकीचा चौथा हिस्सा ज्यांच्या हाती आहे अशा पंचवीस राष्ट्रांनी सही केल्याशिवाय तो लागू व्हावयाचा नव्हता. ती अट पुरी व्हावयास २००७ साल उजाडले, आणि करार अमलात आला १७ सप्टेंबर २००८ रोजी. ब्लेबर यांनी प्लिमथच्या खडकावर विकार नोंदविला १९७० साली. अडतीस वर्षे झाली! तेवढ्या काळात आमच्याकडे कामगार भरती होऊन निवृत्तही होतो.

या अडतीस वर्षांत मुख्य उणीव ज्ञानाची होती असे आम्हांला वाटत नाही. १९८६ नंतर तर मुळीच नाही. उणीव होती ती एका नियमाची : संशयाचा फायदा कोणाला द्यावयाचा? फौजदारी न्यायालयात तो आरोपीला देतात, आणि ते योग्य आहे, कारण आरोपी माणूस असतो. पण रसायन हे काही माणूस नव्हे. त्याला निरपराध समजण्याचा हक्क कोणत्या घटनेने दिला? तरी पिंपाला तो फायदा मिळत राहिला आणि खडकावरच्या जिवावर आपण मरत असल्याचे सिद्ध करण्याचा बोजा पडला. फ्रान्सने १९८२ साली हा नियम उलटा केला, म्हणून आर्काशाँ वाचले.

आमच्या किनाऱ्याचा यात संबंध आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९९ साली भारतीय पाण्यातील गोगलगायीत हाच विकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या जातीचे शास्त्रीय नाव आहे क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणचे नाव लावणारी गोगलगाय! प्लिमथच्या रोगाने तिला गाठले, कारण समुद्राला वेस नाही आणि जहाजाला सोयरसुतक नाही. जेथे रंग लावणे महाग पडते किंवा कायदा आड येतो, तेथून जहाज दुसऱ्या बंदरात जाते.

आणि जहाज सुक्या गोदीत चढले की त्याच्या तळाशी कोण उभा असतो? जुना रंग खरवडणारा आणि नवा फवारणारा कामगार. ही कथलाची संयुगे कातडीला, डोळ्यांना, श्वासनळीला झोंबतात. खरवडताना उडालेली धूळ तोंडावर बसते. एका गोदीत आमच्या लोकांनी पिंपावरच्या नावाचा अर्थ विचारला तेव्हा ‘ते धंद्याचे गुपित आहे’ असे उत्तर मिळाले. गुपित कोणापासून? ज्याच्या फुप्फुसाला ते रोज कळत होते त्याच्यापासून? जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९० साली रसायनांविषयीचा आपला एकशे सत्तरावा करार केला; त्यात पिंपावर ओळख पटेल अशी चिठ्ठी असावी आणि हाताळणाऱ्याला धोका कळावा, हे हक्क म्हणून मांडले आहे. आम्ही तो सभांतून वाचून दाखवितो, कारण आमच्या अनुभवाने कामगाराला जे कळू देत नाहीत ते पुढे नदीलाही कळू देत नाहीत. गेटाच्या आतले गुपित आणि नाल्यातले गुपित एकच असते.

आता आमच्यावर नेहमी येणारा आक्षेप घेतो. “तुम्ही मजुरांचे पुढारी, गोगलगायीच्या नादाने कारखाने बंद पडले तर चुली कोणाच्या विझतील?” प्रश्न खोटा नाही. पोटाची आग गोगलगायीच्या दुःखाने विझत नाही, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. पण हिशेब पुरा मांडा. आर्काशाँची कालवे काढणारी माणसे मजूर नव्हती काय? त्यांच्या चुली विझल्या तेव्हा रंगाच्या बाजूने रोजगाराचे रडगाणे गाणारे कोठे होते? एका मजुराची भाकरी दुसऱ्या मजुराच्या ताटातून काढून घेणे याला रोजगार म्हणत नाहीत. आणि बंदीनंतर काय झाले तेही पाहा. जहाजे थांबली नाहीत. गोद्या बंद पडल्या नाहीत. तांब्याचे सुधारलेले रंग आले, काहीच चिकटू नये असे सिलिकोनचे गुळगुळीत लेप आले. रंगविणाऱ्याचे काम राहिले, पिंप बदलले.

तथापि पिंप बदलले म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नये. कथील गेल्यावर तांब्याच्या जोडीला जी नवी औषधे रंगात घातली गेली, त्यांत सायब्युट्रिन नावाचे एक होते. ते वनस्पतींचे प्रकाशावर अन्न करण्याचे कामच बंद पाडते. शेवाळ मारावयास उत्तम. पण पाण्याखालच्या सर्व हिरव्या जीवनाचे काम तेच आहे. १९९० च्या दशकातच ते फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरील बंदरांच्या पाण्यात सापडू लागले होते. त्याच जागतिक कराराखाली त्याच्यावरची मनाई अमलात आली ती १ जानेवारी २०२३ पासून. तांबेही सर्वस्वी निर्दोष नाही. जुना चोर काढून त्याच्या भावाला पहाऱ्यावर बसविण्याची ही रीत आहे. बदली रसायनाचीही पहिल्याइतकीच कसून परीक्षा झाली पाहिजे.

मग आमचे मागणे काय? चार गोष्टी.

एक : जो विकतो त्याने निर्दोषपणा दाखवावा. युरोपातील राष्ट्रांनी २००७ साली अमलात आणलेल्या रसायनांच्या कायद्याचे सूत्रच असे आहे की, माहिती नाही तर बाजार नाही. हे सूत्र कोणाच्याही बापाचे नाही. ते आपणही घ्यावे.

दोन : माप मरणाचे न घेता जगण्याचे घ्यावे. पिल्ले होतात का, वाढतात का, दुसरी पिढी उभी राहते का, हे विचारावे. आणि साक्षीला आपल्या किनाऱ्यावरचे, आपल्या खाडीतले जीव बोलवावेत.

तीन : जेथे विष साचते तेथे माप घ्यावे, धक्क्याशी, नाल्याच्या तोंडाशी, गाळात. मधल्या समुद्राची सरासरी कोणी मागितली आहे?

चार : ज्यांना आधी दिसते त्यांची नोंद ठेवावी. बिघाड प्रथम दिसतो तो प्रयोगशाळेला नव्हे. कोळणीला दिसतो, कारण टोपलीतला माल बदलतो. कालवे काढणाऱ्याला दिसतो. रसायन हाताळणाऱ्याच्या कातडीला दिसतो. त्यांचे म्हणणे हे शास्त्र नव्हे, हे कबूल. पण शास्त्राने कोठे पाहावे हे तेच सांगू शकतात. त्यांच्यासाठी प्रत्येक बंदरात आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीत एक वही असावी, आणि ती वही उघडून पाहणे एखाद्या अधिकाऱ्याचे काम असावे.

यांतील एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी कारखाना बंद करावा लागेल. फक्त ‘थोडे आहे’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी उच्चारणाऱ्याला मापे दाखवावी लागतील, एवढेच.

शेवटी एक दिलासा देऊन थांबतो. रंग उतरल्यावर ब्रिटनच्या किनाऱ्यावरील गोगलगायींतला तो विकार कमी होत गेला, आणि कित्येक ओसाड खडकांवर त्या पुन्हा दिसू लागल्या. त्या मंद चालीच्या. त्यांना परत यावयास वर्षे लागली, पण आल्या. निसर्ग हा सूड धरून बसणारा सावकार नाही. आपण वेळेवर हात काढला तर तो बरेचसे येणे सोडून देतो. पण वेळेवर म्हणजे केव्हा, हे त्याने ठरवावयाचे नसते. ते आपण, म्हणजे येथे बसलेल्या तुम्ही आणि आम्ही, ठरवावयाचे असते. उद्या तुमच्या गावच्या नदीकाठी, एखाद्या कारखान्याच्या सुनावणीला, कोणी तुम्हांला ‘प्रमाण अगदी थोडे आहे’ असे सांगेल, तेव्हा उठून उभे राहा आणि विचारा : किती, कोणाला आणि माप कोणी घेतले?